मदत हवी आहे: आयपी पत्त्यांच्या शुल्काचा मुद्दा नेमका कुठे मांडायचा?

नमस्कार मंडळी,

बार्शी तालुक्यात आम्ही काही केबलवाल्यांनी मिळून फायबरचं इंटरनेट सुरू केलंय. तांत्रिक बाजू माझ्याकडे आहे. आजवर ज्या कंपनीकडून बँडविड्थ घेतो, तिचेच आयपी पत्ते (इंटरनेटवरची जोडणी ओळखायचे आकडे) वापरले. एकेका पब्लिक आयपीमागे ढीगभर ग्राहक बसवावे लागतात. मग कुणाचा दुकानातला कॅमेरा घरून दिसत नाही, एकाने उद्योग केले की सगळी गल्ली ब्लॉक होते. कंपनी बदलली तर पत्तेही परत द्यायचे. म्हणून आता आयरिनकडून, म्हणजे भारतात पत्ते देणाऱ्या नोंदणी संस्थेकडून, स्वतःचे पत्ते आणि एएस क्रमांक (आपल्या नेटवर्कचा ओळख क्रमांक) घेतोय.

भागीदारांचा पहिला सवाल होता, "पत्ता म्हणजे नुसता आकडा, त्याचे दरवर्षी पैसे कसले?" तो मी सोडवला. पैसे आकड्याचे नाहीत, तो आकडा कुणाकडे आहे याची नोंद सांभाळण्याचे आहेत. फेब्रुवारी 2008 मध्ये पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या पत्त्यांचा मार्ग स्वतःकडे असल्याचं जाहीर केलं, ते बाहेर पसरलं आणि जगात ठिकठिकाणी यूट्यूब बंद पडलं. आज आरपीकेआयमुळे, म्हणजे पत्ते कुणाचे हे सांगणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्रांमुळे, असा खोटा दावा ओळखता येतो, पण त्यासाठी नोंदणी संस्था चोख चालली पाहिजे. तिचा खर्च मुख्यतः सदस्यांच्या शुल्कातूनच निघतो. हे सगळ्यांना पटलं.

अडलंय ते वाटणीवर. एपनिक ही आयरिनच्या वरची, आशिया-पॅसिफिकची नोंदणी संस्था. तिच्या शुल्काच्या सूत्रात पत्ते दुप्पट झाले तरी शुल्क दुप्पट होत नाही. म्हणजे दर पत्त्यामागे सगळ्यात जास्त भरतो तो लहान सदस्य. सदस्याची मतंही पत्त्यांवरून ठरणाऱ्या श्रेणीनुसार, 1 पासून 64 पर्यंत. त्यात जगाचा मध्यवर्ती साठा 3 फेब्रुवारी 2011 ला संपला. आधी आलेल्यांना लाखांनी आयपीव्ही4 (जुन्या पद्धतीचे) पत्ते मिळाले, आज नव्याने येणाऱ्याला जास्तीत जास्त 512. उशिरा आलेल्याला पत्ते कमी, भार जास्त आणि आवाज बारीक. हे मला मनापासून खटकतं.

सरसकट समान शुल्क हा उपाय मात्र वाटत नाही. युरोपात राइप या तिथल्या नोंदणी संस्थेकडे प्रत्येक खात्याला सारखं शुल्क होतं, तर शेवटच्या 1024 पत्त्यांसाठी लोकांनी एकाच्या नावावर अनेक खाती उघडली. नोव्हेंबर 2019 मध्ये तोही साठा आटला. आणि शुल्क कमी करा एवढंच मागणंही चूक ठरेल. आफ्रिकेत 2021 मध्ये एका सदस्य कंपनीबरोबरच्या वादात मॉरिशसच्या न्यायालयाने आफ्रिनिक या तिथल्या नोंदणी संस्थेची बँक खाती गोठवली होती, 2023 मध्ये तिथे रिसीव्हर (न्यायालयाने नेमलेला कारभारी) नेमावा लागला. नोंदणी संस्था कमजोर झाली की आधी लहानच मरतात, मोठ्यांकडे वकील असतात.

मला सुचवायचंय ते असं: सुरुवातीचं शुल्क कमी, त्यापुढे पत्त्यांच्या प्रमाणात चढतं, आणि प्रत्येक सदस्याला एकच मत. एकूण जमा आजच्याइतकीच राहावी.

हे एपनिकच्या धोरण गटात प्रस्ताव म्हणून देता येईल का? की आधी निक्सीकडे, म्हणजे आयरिन चालवणाऱ्या संस्थेकडे जायचं? कुणी असा प्रस्ताव लिहिला असेल तर मसुदा कसा असतो तेही सांगा.

प्रतिसाद

धोरण गटात देऊ नका, तिथे शुल्क हा विषयच घेत नाहीत. पत्ते कसे वाटायचे एवढंच तिथे ठरतं, आणि तिथे सदस्य नसलेल्यालाही बोलता येतं. शुल्क एपनिकची कार्यकारी परिषद ठरवते. तुम्ही आयरिनमार्फत येणार, म्हणजे तुमचं बिल आयरिनच्या श्रेणीप्रमाणे येईल. तेव्हा पहिलं पत्र निक्सीलाच, आणि एकट्याने नको. आसपासच्या तालुक्यांतले सेवादार गोळा करा, प्रत्येकाचं दर पत्त्यामागचं शुल्क एका तक्त्यात मांडा. मताच्या वजनाचा मुद्दा वेगळ्या पत्रात लिहा, तो एपनिकच्या उपविधींचा (अंतर्गत नियमांचा) विषय आहे. अर्ज करताना आयपीव्ही6 (नव्या पद्धतीचे) पत्ते पण मागून घ्या. तक्ता झाला की इथे टाका, मी तपासून देतो.