मदत हवी आहे: डेबियन १२ हायबरनेट होतं, पण चालू केलं की सगळं कोरं

नमस्कार मंडळी,
इंदूरहून लिहितेय. आईचा डेस्कटॉप आहे: डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), एक्सएफसीई (त्यावरचा खिडक्या-मेनूंचा भाग), रॅम ८ जीबी, स्वॅप पार्टिशन (रॅमला जोड म्हणून डिस्कवर राखलेली जागा) १६ जीबी. ती जुन्या घरगुती पत्रांची टिपणं काढते. लिब्रेऑफिसच्या फाइली, स्कॅन केलेली पानं, शब्दकोश, सगळं एकदम उघडं असतं. उन्हाळ्यात दुपारी लाइट जाते आणि आमचा इन्व्हर्टर फार वेळ तग धरत नाही. सस्पेंडमध्ये सगळं रॅममध्येच राहतं, वीज तुटली की गेलं. म्हणून हायबरनेटच हवंय, म्हणजे रॅममधलं सगळं स्वॅपमध्ये साठवून मशीन पूर्ण बंद.

‘सिस्टमसीटीएल हायबरनेट’ दिलं की मशीन व्यवस्थित बंद होतं. चालू करताना मात्र ‘गेव्ह अप वेटिंग फॉर सस्पेंड/रिझ्यूम डिव्हाइस’ अशी ओळ येते (म्हणजे साठवलेलं जिथून परत आणायचं ती जागा सापडली नाही), बराच खोळंबा होतो आणि मग थेट लॉगिन. एकही खिडकी परत येत नाही. सिक्युअर बूट (सही नसलेली सिस्टम सुरू होऊ न देणारी सोय) बंद आहे. मध्यंतरी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तेव्हा स्वॅप नव्याने बनवली. त्याआधी हे चालत होतं. तिचं काम अडू नये असं फार वाटतं, कृपया सुचवा.

उत्तर:
ताई, त्या ओळीतच उत्तर आहे. स्वॅप नव्याने बनवली की तिचा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) बदलतो. एफएसटॅबमध्ये (वापरायच्या पार्टिशनांच्या यादीत) नवा असणार, नाहीतर हायबरनेटच झालं नसतं. इनिट्रॅमएफएस (बूट होताना आधी चालणारी छोटी सिस्टम) मात्र अजून जुनाच शोधतंय. तो सापडत नाही, मग नेहमीसारखं बूट होतं आणि स्वॅप चालू होताना साठवलेली प्रत बाद होते.

‘सुडो ब्लकआयडी’ने स्वॅपचा यूयूआयडी बघा. तो ‘/ईटीसी/इनिट्रॅमएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/रिझ्यूम’ या फाइलीत ‘रिझ्यूम=यूयूआयडी=’च्या पुढे लिहा आणि ‘सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू -के ऑल’ चालवा. ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’मध्ये (ग्रब म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) जुना रिझ्यूम असेल तर तोही बदलून ‘सुडो अपडेट-ग्रब’ करा.

एक जपा: मशीन हायबरनेट असताना पेन ड्राइव्हवरच्या दुसऱ्या लिनक्समधून ही डिस्क माउंट करू नका. नंतर रिझ्यूम केलंत तर फाइलसिस्टम बिघडू शकते, आणि त्यात आईंची टिपणंही जातील.

धागाकर्ती:
झालं! फाइलीत खरंच जुना यूयूआयडी होता. खोळंबा गेला, पानं जिथल्या तिथे उघडली. खूप आभार, दादा. आता आईला टर्मिनल न उघडता हे करता येईल का?

उत्तर:
येईल की. एक्सएफसीईच्या पॉवर मॅनेजरमध्ये पॉवर बटणासाठी हायबरनेट निवडा. लाइट गेली की त्यांनी बटण एकदाच दाबायचं, धरून ठेवायचं नाही. धरून ठेवलं तर मशीन सरळ बंद पडेल.