मुलाच्या नावाने म्युच्युअल फंड: फोलिओ कसा उघडायचा?

प्रश्न: मुलगा ६ वर्षांचा आहे. त्याच्याच नावाने फोलिओ (म्युच्युअल फंडातलं खातं) उघडून इंडेक्स फंडात (निर्देशांकाप्रमाणे शेअर घेणारा फंड) एसआयपी (ठरावीक हप्त्यांची गुंतवणूक) करायची आहे. हप्ता माझ्या खात्यातून गेला तर चालेल का? पालक म्हणून आम्हा दोघांची नावं लावता येतील का? आणि कर कोणी भरायचा?

उत्तर १: दोघांची नावं लावता येत नाहीत. धारक एकटा मुलगा. संयुक्त धारक नाही, नॉमिनीही नाही. पालक म्हणून आई किंवा वडील, एकच. आजोबा-काकांना न्यायालयाने नेमलं असेल तरच.

मुलाचा जन्मदाखला आणि पालकाचं पॅन व केवायसी लागतं. दाखल्यावर आईचं माहेरचं नाव आणि पॅनवर सासरचं, असं असेल तर अर्ज अडकू शकतो. मग सरळ वडिलांना पालक करा.

उत्तर २: हप्ता तुमच्या खात्यातून चालेल, १५ जून २०२३ पासून तशी मुभा आहे. पण युनिट्स (फंडातले हिस्से) विकल्यावर पैसे मुलाच्याच बँक खात्यात येतात (पालकासोबत संयुक्त असलं तरी चालतं). म्हणून आधी त्याचं बचत खातं उघडा, मग फोलिओ. नाहीतर ऐन फी भरायच्या वेळी धावपळ.

करासाठी हा खटाटोप करू नका. अज्ञान (१८ वर्षांखालील) मुलाचा नफा आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात धरला जातो. सूट मुलामागे वर्षाला जेमतेम १५०० रुपये, तीही जुन्या करप्रणालीत. ग्रोथ पर्याय (नफा वाटला न जाता फंडातच राहतो तो) घेतलात तर विकेपर्यंत प्रश्नच येत नाही, आणि १८ नंतर विकलं तर नफा त्याचा, करही त्याचाच.

उत्तर ३: खरी मेख १८ व्या वाढदिवसाला आहे. त्या दिवसापासून पालकाची सही चालत नाही, एसआयपी थांबते, फोलिओ गोठतो. तो मोकळा करायला मुलाचं पॅन, केवायसी, बँक खात्याची नवी नोंद आणि बँकेने साक्षांकित केलेली त्याची सही लागते. पॅन लहानपणी काढलं असेल तर त्यावर फोटो-सही नसते, तेही अद्ययावत करावं लागतं.

शिवाय त्या दिवसापासून पैशांवर हुकूम त्याचा. शिक्षणासाठी ठेवलेल्या रकमेची त्याने बाईक घेतली तर कायद्याने अडवता येणार नाही. हे पटत नसेल तर स्वतःच्या नावाने वेगळा फोलिओ उघडा आणि मुलाला नॉमिनी करा.

प्रश्नकर्ता: मग बँक खात्यापासून सुरुवात करतो.