कार्यालय जबल अलीला, घर शारजात की दुबईत? सहावीत जाणाऱ्या मुलाची शाळाही ठरवायची आहे

सर्वांना नमस्कार.

माझ्या पतींना दुबईत जबल अली फ्री झोनमधील एका कंपनीत नोकरी मिळाली असून सध्या ते कंपनीने दिलेल्या खोलीत राहतात. मी आणि आमचा मुलगा या उन्हाळ्यात नाशिकहून तिकडे कायमचे राहायला जाणार आहोत. त्याआधी घर आणि शाळा ठरवायची आहे, परंतु एकाचा विचार करू लागले की दुसरे आडवे येते.

पतींचे बहुतेक सहकारी शारजात राहतात. तितक्याच मोठ्या घराचे भाडे तेथे बरेच कमी असल्यामुळे त्यांचा आग्रह शारजाचाच आहे. मात्र जबल अली दुबईच्या अगदी दुसऱ्या टोकाला असल्याने त्यांना रोज सगळे शहर ओलांडून जावे लागेल, आणि शारजापर्यंत मेट्रोही जात नाही. दुसरी अडचण सुट्टीची आहे. जानेवारी २०२२ पासून शारजात शुक्रवार, शनिवार आणि रविवार असे तीन दिवस सुट्टी असते व शाळाही त्याप्रमाणेच चालतात, तर दुबईत शुक्रवारी अर्धा दिवस काम असते. म्हणजे मुलगा शुक्रवारी घरी आणि वडील कामावर, अशी स्थिती होईल. हे जाचक ठरते की चार दिवसांत लोक रुळतात, हे तेथे राहणाऱ्यांनीच सांगावे.

मुलगा आजवर राज्य मंडळाच्या सेमी-इंग्रजी शाळेत शिकला आहे. तिकडे सीबीएसई अभ्यासक्रमात त्याला गणित आणि विज्ञान फारसे जड जाणार नाही असे वाटते, परंतु इतिहास-भूगोल तो प्रथमच इंग्रजीतून वाचेल. त्यातच खासगी शाळांत नववीपर्यंत अरबी हा विषय अनिवार्य आहे, आणि त्याला तर अलिफसुद्धा ठाऊक नाही. पहिलीपासून अरबी शिकलेल्या मुलांच्या बरोबरीने त्याला परीक्षा द्यावी लागते का? शिवाय त्याची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये संपते, तर तेथील भारतीय शाळांचे वर्ष एप्रिलच्या आरंभीच सुरू होते. उशिरा येणाऱ्या मुलाला प्रवेश मिळतो का, याविषयीही अनुभवाचे बोल ऐकायला आवडतील.

घर पाहताना काय तपासावे, हेही कृपया सांगावे. पती एकटेच पाहायला जाणार असल्यामुळे त्यांना सूचना देऊन पाठवावे म्हणते.

प्रतिसाद

मी दुबईत बऱ्याच वर्षांपासून राहतो, तेव्हा स्पष्टच लिहितो: कार्यालय जबल अलीला असेल तर शारजाचा विचार सोडून द्यावा. सकाळी शारजाहून दुबईकडे आणि संध्याकाळी उलट दिशेने अशी वाहनांची रांग लागते की भाड्यात वाचलेले पैसे पेट्रोल, सालिकचा टोल आणि मनस्ताप यांत जातात. सालिकचा दर आता गर्दीच्या वेळी एका कमानीला ६ दिरहॅम आहे आणि वाटेत कमानी एकाहून अधिक लागतात. त्यापेक्षा डिस्कव्हरी गार्डन्सच्या बाजूला घर पाहावे. तेथे मेट्रो आहे, भारतीय कुटुंबे पुष्कळ आहेत आणि कार्यालय जवळ पडेल. करामा किंवा बर दुबईत राहिल्यास किराणा, भाजी, मंडळींचा सहवास सारे हाताशी असते, परंतु जबल अलीला जायला वेळ लागेल आणि इमारतीही जुन्या आहेत. मात्र शाळेची बस त्या वस्तीत येते का, याची चौकशी भाडेकरार करण्यापूर्वी करावी, नंतर नव्हे.

अरबीचा बाऊ करू नये. अरब नसलेल्या मुलांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम असतो आणि मूल किती वर्षे शिकत आहे याचा विचार त्यात केलेला असतो. वर्ग भरले नसतील तर एप्रिलच्या अखेरीसही प्रवेश मिळतो. जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत मागचे भरून काढता येते. दुबईतील शाळांचे तपासणी अहवाल आणि मंजूर शुल्क केएचडीए या तेथील खासगी शाळांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर पाहायला मिळते, तेवढे वाचूनच शाळांना फोन करावेत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी नाशिकमध्ये असतानाच घ्यावी.

घराविषयी थोडे सविस्तर लिहितो. जाहिरातीत 'चिलर फ्री' लिहिलेले असेल तर वातानुकूलनाचा खर्च मालकाकडे असतो. नसेल तर उन्हाळ्यातील बिल किती येते ते शेजाऱ्यांना विचारावे. भाडे वर्षाचे ठरते आणि पुढील तारखांचे धनादेश आधीच द्यावे लागतात. धनादेशांची संख्या जितकी कमी, तितकी घासाघीस करायला जागा अधिक. वार्षिक भाड्याच्या ५ टक्के गृहशुल्क महिन्यामहिन्याने वीज-पाण्याच्या बिलातून वसूल होते, ते हिशेबात धरायला लोक विसरतात. स्वयंपाकघर बंद, खिडकीचे हवे. उघडे असेल तर फोडणीचा वास गाद्यांपर्यंत जातो. पाण्याची टाकी गच्चीवर असल्यास जुलैमध्ये थंड पाण्याच्या नळाला हात लावता येत नाही. मग आम्ही गिझर बंद ठेवतो आणि आंघोळीसाठी त्याच्यातलेच पाणी घेतो, कारण घरातल्या थंडाव्यात तेच त्यातल्या त्यात गार राहिलेले असते.

प्रतिसाद

वरील सल्ला जबल अलीपुरता बरोबर आहे, परंतु शारजा सरसकट मोडीत काढू नये. कार्यालय दुबईच्या शारजाकडील भागात, देरा किंवा अल कुसैसला असते तर मी शारजाच सुचवले असते. आम्ही शारजातील अल नहदात राहतो. मुलांची शुक्रवारची सुट्टी अजिबात जाचत नाही, उलट त्या दिवशी गृहपाठ उरकतो आणि शनिवार-रविवार सगळे मोकळे असतो.

सामान भरताना एक लक्षात ठेवावे. खसखस आणू नये, अनारशांसाठी चिमूटभरही नाही. येथे तिच्यावर बंदी आहे. कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या पूर्वपरवानगीशिवाय आणता येत नाहीत. इतर नियमित औषधांसोबतही डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी.

धागालेखिकेचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पतींना हा धागा वाचायला दिला असून डिस्कव्हरी गार्डन्समधील घरे येत्या शनिवारी पाहायचे ठरले आहे. अनारशांवर खसखशीऐवजी तीळ लावता येतील, त्यामुळे तो प्रश्न माझ्यापुरता मिटला.

आता एकच शंका उरते. माझ्या पारपत्रावर माहेरचे नाव आहे, विवाह प्रमाणपत्रावरही तेच आहे, मात्र मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव सासरचे लागले आहे. ही दोन्ही प्रमाणपत्रे राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातीचा दूतावास असा प्रवास करून साक्षांकित व्हायची आहेत. कुटुंबाच्या व्हिसासाठी नावांतील हा फरक अडतो का? अडत असल्यास महानगरपालिकेतून जन्मदाखला दुरुस्त करून घ्यावा, की दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र पुरते? ज्यांनी अलीकडे ही कागदपत्रे केली असतील त्यांनी कृपया लिहावे, म्हणजे साक्षांकनाला देण्यापूर्वीच दुरुस्ती करता येईल.