मदत हवी आहे : साखरेच्या प्रत्येक द्रावणात बटाट्याचे वजन घटतच आहे

मारेगावची_मॅडम
नमस्कार. तालुका विज्ञान प्रदर्शनीत आमच्या शाळेच्या आठवीच्या मुली परासरणाचा (पेशीच्या पटलातून पाणी पातळ बाजूकडून घट्ट बाजूकडे जाण्याचा) प्रयोग मांडणार आहेत. बटाट्याच्या सारख्या आकाराच्या पट्ट्या साध्या पाण्यात आणि साखरेच्या चार वाढत्या द्रावणांत ठेवल्या असता पाण्यातील पट्ट्या फुगून ताठ झाल्या. परंतु साखरेच्या चारही पेल्यांतील पट्ट्या लुळ्या पडल्या आणि त्यांचे वजन घटले. मधल्या एखाद्या द्रावणात वजन जवळपास तेवढेच राहायला हवे होते. प्रदर्शनी सोमवारी आहे, म्हणून परासरण म्हणजे काय हे कृपया कोणी समजावू नये. असे वजन न बदलणारे, म्हणजे समपरासारी, द्रावण का सापडत नाही, एवढेच सांगावे.

निवृत्त_गुरुजी_वर्धा
मॅडम, द्रावणे किती तीव्रतेची होती, ती कशी तयार केली, पट्ट्या किती वेळ ठेवल्या आणि वजन कोणत्या काट्यावर केले, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. याशिवाय उत्तर देणे म्हणजे अंधारात गोटी मारणे होय.

आवळा_उद्योग
आमच्या बचत गटाचा अनुभव असा आहे की आवळा थेट घट्ट पाकात टाकला तर तो आक्रसून चिवट होतो. म्हणून पाक आधी पातळ ठेवून हळूहळू घट्ट करावा लागतो. आपणही पट्ट्या आधी पातळ द्रावणात ठेवून मग घट्ट द्रावणात न्याव्यात.

निवृत्त_गुरुजी_वर्धा
ताई, मुरब्ब्याचा आवळा आधी उकडलेला असतो. उकडल्यावर पेशीपटल निकामी होते आणि साखर स्वतःच आत शिरू लागते. मॅडमच्या पट्ट्यांतील पेशी जिवंत आहेत. त्यांचे पटल पाणी सहज जाऊ देते, साखर मात्र जवळजवळ अडवते. शिवाय प्रत्येक द्रावणासाठी वेगळी पट्टी हवी. तीच पट्टी फिरवली तर तुलनाच उरणार नाही.

रसायन_अमरावती
माझे स्पष्ट मत आहे की साखर सोडून मीठ घ्यावे. ते स्वस्त आहे, चटकन विरघळते आणि परिणामही ठळक दिसतो.

निवृत्त_गुरुजी_वर्धा
मुलींनी साखरेचा प्रयोग घेतला आहे, तो ऐन वेळी बदलण्याचे कारण नाही. मिठाचे पाण्यात दोन आयन होतात, त्यामुळे तेवढ्याच मोलर तीव्रतेला परासरणी परिणाम जवळपास दुप्पट होतो आणि आठवीच्या मुलीला परीक्षकांसमोर तेही समजावत बसावे लागेल. साखरेचा रेणू अखंड राहतो, म्हणून हिशेब सरळ असतो.

रसायन_अमरावती
हिशेब दोनाने गुणण्याचाच आहे, त्यात अवघड असे काही नाही.

मारेगावची_मॅडम
प्रत्येक पेल्यात 200 मिलिलिटर पाणी घेऊन त्यात अनुक्रमे दोन, चार, सहा आणि आठ चमचे साखर घातली. चमचा पोह्याचा, शीग लावून भरलेला. पट्ट्या रात्रभर ठेवल्या. वजन किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर, एकेका पट्टीचे केले. सर्वांत घट्ट द्रावणातील पट्ट्या वर तरंगत होत्या, त्याचेही कारण कळल्यास बरे होईल.

निवृत्त_गुरुजी_वर्धा
आता उलगडा झाला. अशा चमच्यात सुमारे 15 ग्रॅम साखर मावते, म्हणजे पहिल्याच पेल्यात 30 ग्रॅम. साखरेचे रेणुवस्तुमान 342, म्हणजे 1 मोल साखर 342 ग्रॅम असल्याने ते द्रावण लिटरला सुमारे 0.4 मोलचे झाले. बटाट्याचा समतोल साधारणपणे 0.25 ते 0.35 मोलच्या दरम्यान सापडतो. आपण त्याच्या पुढूनच सुरुवात केली, म्हणून चारही ठिकाणी बहिःपरासरणच, म्हणजे पाणी पेशींबाहेर जाणेच, दिसले.

171 ग्रॅम साखर थोड्या पाण्यात विरघळवून नंतर एकूण द्रावण अर्धा लिटर होईल इतके पाणी घालावे. अर्धा लिटर पाण्यात साखर टाकू नये. हे 1 मोलचे मूळ द्रावण झाले. त्यातील 10 मिलिलिटर घेऊन पाण्याने 100 मिलिलिटर केले की 0.1 मोल, 20 घेतले की 0.2, याप्रमाणे 0.5 पर्यंत जावे. मोजण्यास औषधाची सिरिंज चालते.

पट्ट्या तरंगल्या, कारण घट्ट द्रावणाची घनता बटाट्यापेक्षा अधिक झाली. तरंगणारी पट्टी वरच्या बाजूने कोरडी राहते, तेवढा तेथील आकडा संशयास्पद ठरतो.

सोनार_गल्ली
किराणा काटा एका पट्टीसाठी निरुपयोगी आहे. सोनाराच्या काट्यावर 0.01 ग्रॅमपर्यंत वजन होते. तो न मिळाल्यास एका द्रावणातील सर्व पट्ट्या एकत्र तोलाव्यात. तोलण्यापूर्वी त्या टिपकागदाने हलकेच टिपाव्यात, दाबू नयेत. दाबल्यास पेशींतीलच पाणी निघते. आणि घट ग्रॅममध्ये न मांडता सुरुवातीच्या वजनाच्या टक्क्यांत मांडावी, अन्यथा मोठी पट्टी उगीच जास्त बदललेली दिसते.

संत्रा_बागायतदार_वरुड
आमच्याकडे कोरड्या वाफ्यात झाडाच्या बुंध्याशी युरिया टाकून पाणी दिले नाही तर पाने करपतात. हाही परासरणाचाच प्रकार आहे का?

निवृत्त_गुरुजी_वर्धा
होय भाऊ, मातीतील द्रावण मुळांच्या पेशीरसापेक्षा घट्ट झाले की मुळांना पाणी घेता येत नाही, उलट ते बाहेरही जाऊ शकते. पण त्यासाठी वेगळा धागा काढावा.

मारेगावची_मॅडम
सोनाराचा काटा मिळाला. आपण सांगितल्याप्रमाणे द्रावणे करून पट्ट्या तीन तास ठेवल्या. 0.2 मध्ये वजन वाढले, 0.3 मध्ये किंचित घटले आणि पुढे घट वाढत गेली. आलेखाची रेषा शून्याला 0.2 आणि 0.3 यांच्या दरम्यान छेदते. मात्र मुलींनी वर्गातील दुसऱ्या पोत्यातील बटाटे वापरले तेव्हा छेदबिंदू 0.3 च्या पुढे सरकला.

निवृत्त_गुरुजी_वर्धा
दुसरे पोते शीतगृहातील जुन्या बटाट्यांचे असावे. थंडीत साठवलेल्या बटाट्यातील काही स्टार्चची साखर होते, पेशीरस घट्ट होतो आणि समतोलासाठी बाहेरही अधिक घट्ट द्रावण लागते. हे दोन आलेख शेजारी लावावेत, परीक्षक तेथेच थांबतील.

रसायन_अमरावती
मिठाचा तिसरा आलेखही लावता आला असता.

नवीन_सदस्य_घाटंजी
मॅडम, बटाटे सोलले होते का? साल राहिल्यास त्या बाजूने पाणी फारसे आत-बाहेर होत नाही.