रिकर्व्हने टर्की: बाण आरपार जावा की अंगात राहावा?

ड्रिफ्टलेसकर (विस्कॉन्सिन)

गेल्या मे महिन्यात व्हर्नन काउंटीतल्या एका टेकडीच्या कडेला, १४ यार्डांवर, नर टर्की पिसारा फुलवून उभा होता. माझं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं पारंपरिक धनुष्य, ओढायला ४७ पौंडांचं. बाण ५०० ग्रेनचा (सुमारे ३२ ग्रॅम), पुढे जेमतेम इंचभर रुंदीचं दोन पात्यांचं ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीच्या बाणाचं धारदार टोक. हरणाला वापरतो तेच. बाण आरपार जाऊन मागच्या मातीत रुतला. पक्षी दोन पावलं पळाला, उडाला आणि दरीपलीकडच्या ओकच्या रानात दिसेनासा झाला. दोन दिवस शोधलं, सापडला नाही. बाणाला रक्त होतं, जमिनीवर मात्र एक थेंब नव्हता. टर्कीचं रक्त पिसांतच जिरतं, हरणासारखा माग सोडत नाही. तो पक्षी कुठेतरी झुडपात तडफडून गेला असणार, हे अजून मनातून जात नाही.

म्हणून यंदा मी दोन गोष्टी बदलल्या. ब्रॉडहेड दीड इंच रुंद, आणि त्याच्यामागे तारेचे आकडे असलेली अडवणी, म्हणजे बाण आरपार न जाता अंगातच राहील. अंगात अडीच फुटांचा बाण असला की पक्ष्याला पंख नीट मारता येत नाहीत. उडाला नाही तर सापडतो. माझ्या मते पारंपरिक धनुष्याने टर्की मारायची तर हाच मार्ग. तुमचं मत सांगा, विरोधी असलं तरी चालेल.

लाँगबोवाला (पेनसिल्व्हेनिया)

विरोधीच आहे. दादा, तुमचा बाण आरपार गेला म्हणून पक्षी हातचा गेला नाही, बाण चुकीच्या जागेतून गेला म्हणून गेला.

लहानपणी घरी कोंबडी साफ करताना पाहिली असेल तर आठवा. काळीज, पेटा चटकन हाती येतात. फुफ्फुसं मात्र पाठीकडच्या बरगड्यांच्या खाचांत घट्ट बसलेली असतात, बोटाने खरवडून काढावी लागतात. टर्कीचंही तसंच. सस्तन प्राण्यासारखी फुफ्फुसं छातीत मधोमध नसतात, वर कण्याला चिकटून असतात. पिसारा फुलवलेला नर दुप्पट मोठा दिसतो, आपण त्या पिसांच्या गोळ्याच्या मध्यावर नेम धरतो आणि बाण खालून छातीच्या मांसातून निघून जातो. मारायची जागा संत्र्याएवढी. आडवा उभा असेल तर पंख जिथे खांद्याला जोडलेला असतो तिथे. पाठमोरा असेल तर शेपटीच्या बुडाशी, मधोमध. समोरून असेल तर दाढी, म्हणजे छातीवरचा केसांसारखा झुपका, फुटते त्याच्या जरा वर.

आता अडवणीबद्दल. तुमचा बाण सेकंदाला १७० फूट वेगाने सुटतो असं धरलं, तरी त्यात ३२ फूट-पौंड ऊर्जा. त्यातली काही तुम्ही मुद्दाम आकड्यांवर खर्च करणार. पंखाचं हाड मध्ये आलं तर बाण कण्यापर्यंत पोचणारच नाही. मला दोन भोकं हवीत आणि मधलं सगळं कापलेलं हवं.

ड्रिफ्टलेसकर

कोंबडीचं उदाहरण पटलं, नेम खाली गेला होता हेही कबूल. पण अंगाचा फुलोरा पाहून १४ यार्डांवर, पहाटेच्या अंधुक उजेडात माझी चूक झाली ती पुन्हा होऊ शकते. चांगल्या नेमाला कुठलंही ब्रॉडहेड चालतं. मी विचार करतोय तो दोन इंच चुकलेल्या नेमाचा. त्या वेळी रुंद पातं आणि अंगात राहिलेला बाण, दोन्ही पक्ष्याला जमिनीवर धरतील.

रिओग्रांदे (सॅन अँटोनिओ)

तुम्ही दोघं अंगाला का मारता तेच कळत नाही. मॅग्नस कंपनीचं बुलहेड, म्हणजे मान कापायचं खूप रुंद ब्रॉडहेड, लावा आणि मानेवर सोडा. १२५ ग्रेनच्या बुलहेडची कापणी पावणेचार इंच रुंद! लागलं तर पक्षी जागेवर पडतो, चुकलं तर साफ चुकतं, जखमी होत नाही. जखमी पक्ष्याची एवढी काळजी असेल तर यापेक्षा प्रामाणिक उपाय नाही. टेक्सासच्या मोकळ्या माळावर मी कंपाउंडने, म्हणजे चाकांच्या आधुनिक धनुष्याने, हेच करतो.

ड्रिफ्टलेसकर

"चुकलं तर साफ चुकतं" हे ऐकायला बरं वाटतं. पण पात्याचं टोक चोचीवर किंवा गळ्याच्या पिशवीवर लागलं तर? असा पक्षी उपाशी मरतो. आणि टर्कीची मान एक क्षण स्थिर नसते. अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसला हे आपण सगळे ऐकत वाढलो, पण द्रोणांनी झाडावर ठेवलेला पक्षी कारागिरांकडून करून घेतलेला होता. त्याने मान हलवली नाही.

शिवाय तुमच्याकडे कंपाउंड आहे, नेम धरायला साइट आहे, ओढून धरून थांबता येतं. माझं रिकर्व्ह मी पूर्ण ओढून तीन सेकंदांपलीकडे धरू शकत नाही. आणखी एक अडचण: आमचा बाण धनुष्याच्या खाचेवरून, मुठीला चिकटून जातो. पावणेचार इंचांची पाती मुठीपुढे मोकळी राहायला बाण बराच लांब ठेवावा लागतो. लांब बाण, मंद वेग, पुढे एवढी मोठी पाती. वाऱ्यात तो कुठे वळेल सांगता येत नाही. मागे पाच इंची वळणदार पिसं लावूनही माझ्या हातून तीनातला एक बाण भरकटला.

सरळनेम

मेकॅनिकल ब्रॉडहेड का नाही? उडताना बंद, लागताना दोन इंच उघडतं. सगळा प्रश्न मिटला.

लाँगबोवाला

पाती उघडायलाही ऊर्जा लागते, आणि ती बाणातूनच जाते. ४०० ग्रेनचा बाण २८० च्या वेगाने सोडणाऱ्या कंपाउंडकडे जवळजवळ ७० फूट-पौंड असतात, त्याला परवडतं. आपल्याकडे त्याच्या निम्म्याहून कमी. त्यात टर्कीची पिसं मऊ, तिरका लागलेला बाण पाती पूर्ण उघडण्याआधी घसरू शकतो. निदान या धनुष्यांना तरी नको.

साताऱ्याचा

विषय कळतो, पण प्रश्न पडतो की हे मारायचंच कशाला? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, ते योग्यच झालं. तुम्ही तिकडे जाऊन छंद म्हणून पक्षी मारता आणि वर कोणतं पातं बरं यावर चर्चा करता, हे मनाला लागतं.

ड्रिफ्टलेसकर

तुमचा राग समजतो, आणि आपल्याकडे बंदी हवी याबद्दल मलाही शंका नाही. इथली गोष्ट वेगळी आहे. विस्कॉन्सिनमधून रानटी टर्की पूर्ण नाहीशी झाली होती. १९७६ साली मिसूरीहून २९ पक्षी आणून याच व्हर्नन काउंटीत सोडले. मिसूरीला त्या बदल्यात इथले ग्राउस (कोंबडीसारखे रानपक्षी) दिले. आज राज्यभर टर्की दिसते ती तिथून पसरलेली. १९३७ च्या कायद्याने इथे बंदुका-काडतुसांवर केंद्रीय कर आहे, तो पैसा वन्यजीवांसाठी राज्यांकडे जातो. धनुष्यबाणावर तो कर लावायचा कायदा झाला १९७२ मध्येच. ज्या ब्रॉडहेडवर आपण वाद घालतोय त्यावरही ११ टक्के भरतो. वसंतात फक्त नर आणि दाढीवाले पक्षी मारायची परवानगी, तीही ठरलेल्या सात दिवसांची. मारलेला पक्षी मी घरी शिजवतो, पंखांची पिसं बाणाला लावतो.

तरीही तुम्हाला पटणार नाही कदाचित. पण मारायचंच तर त्या जिवाला कमीत कमी यातना व्हाव्यात, हाच तर या धाग्याचा विषय आहे.

साताऱ्याचा

नाही पटलं. पण उत्तर सरळ दिलंत.

कानस (मिनेसोटा)

ताई म्हणून एक सांगते, दोघांनाही. रुंदी आणि अडवणी नंतर. धार कोण बघतंय? पाकिटातून काढलेलं ब्रॉडहेड तसंच लावणारे मी कितीतरी पाहिलेत. बोथट पातं पिसं कापत नाही, दाबून आत ढकलतं, आणि पातं जितकं रुंद तितकी ही अडचण मोठी. आधी कानस, मग दगड, शेवटी चामड्याच्या पट्टीवर. हातावरचे केस अलगद निघाले तरच भात्यात ठेवायचं. सरावाला वापरलेलं पातं शिकारीला परत धार लावल्याशिवाय नको. तीन पात्यांचं असेल तर दोन-दोन पाती एकदम दगडावर सपाट घासता येतात, कोन आपोआप जमतो. म्हणून मी सव्वा इंचाचं तीन पात्यांचं वापरते. अडवणी नाही. दहा यार्डांच्या आतच सोडते, आणि नर पाठमोरा होऊन पिसाऱ्याआड त्याचं डोकं गेलं की तेव्हाच ओढते. त्या क्षणी त्याला आपण दिसत नाही.

ड्रिफ्टलेसकर

ताई, धारेचं अगदी मान्य. दहा यार्डांचंही यंदापासून पाळतो. अडवणी मात्र ठेवणार.

लाँगबोवाला

ठेवा. पण ब्लाइंडच्या, म्हणजे लपून बसायच्या तंबूच्या, जाळीतून सोडू नका, आकडे जाळीत अडकतील आणि बाण तिथेच लटकेल. आणि अडवणीसकट बाण सरावाच्या फोमच्या निशाण्यावर सोडून पाहा, वजन बदललं की उड्डाण बदलतं.

ड्रिफ्टलेसकर

जाळी मार्चमध्येच काढली. फोमवर रोज वीस बाण सोडतोय. दहा यार्डांवर सध्या दोन इंच डावीकडे जातायत.