'लोकल वाईन'ला मराठीत काय म्हणावं? गावठी की जवारी?

खानापूरहून प्रश्न:
पोर्तुगालच्या प्रवासाबद्दल लिहितेय. पोर्तू शहरात नदीकाठच्या लहानशा खानावळीत भाजलेल्या सार्डिन माशांबरोबर सुरईतून पांढरी वाईन आली. 'आमच्याच भागातली,' वाढणाऱ्यानं अभिमानानं सांगितलं. 'स्थानिक वाईन' लिहिलं तर परिपत्रक वाटतं. 'गावठी' लिहावं तर हातभट्टी डोळ्यांपुढे येते. फलकावर 'विन्यू वेर्द' होतं, त्याचं मी 'हिरवी वाईन' केलंय.

संकेश्वरहून:
ताई, 'गावठी' कोंबडीला लावला की भाव चढतो, दारूला लावला की उतरतो. आपल्या भागात याहून नेमका शब्द आहे, जवारी. आई बाजारात मिरचीच्या ढिगापुढे उभी राहून एवढंच विचारायची, "जवारी हाय काय?" म्हणजे बी इथलंच ना, संकरित नाही ना? जवारी मिरची, जवारी काकडी, जवारी कोंबडी. कन्नड बोलणारे शेजारीही हाच शब्द वापरतात. पोर्तुगालात द्राक्षांचे अडीचशेहून जास्त देशी वाण आहेत. विन्यू वेर्दला लागणारी लोरेरु आणि अल्वरिन्यू त्यांतलीच. तेव्हा बिनधास्त 'जवारी द्राक्षांची वाईन' लिहा.

बेळगावहून:
शब्द फार आवडला. फक्त एक लक्षात ठेवूया, जवारी वाण सांगतो, गाव नाही. नाशिकला शेनिन ब्लां किंवा शिराझची वाईन होते, पण ते वाण मूळचे फ्रान्सचे. ती नाशिकची खरी, जवारी नव्हे.

'हिरवी' मात्र काढा. वेर्द म्हणजे हिरवा हे बरोबर, पण इथं तो रंग नाही. याच नावाची लाल वाईनही मिळते. वायव्य पोर्तुगालातल्या या वाईनच्या प्रदेशाची हद्द 1908 साली ठरली. ही वाईन फार मुरवत नाहीत, लवकर पितात. आपणही हिरवं केळं म्हणतो ते न पिकलेल्याला, म्हणून वाचकाला कच्च्या द्राक्षांची वाटेल. 'कोवळी' म्हटलं तर चव कळते.

आणि सुरईतून देतात तिला तिकडे 'विन्यू दा काझा' म्हणतात. तिचं 'घरची वाईन' करू नका. घरची म्हणजे आपल्याकडे घरी केलेली. ही खानावळीनं निवडून ठेवलेली, रोजची, परवडणारी. 'खानावळीची वाईन' पुरे.

खानापूरहून:
मग वाक्य असं करते: 'भाजलेल्या सार्डिनबरोबर खानावळीची वाईन आली, त्याच भागातल्या जवारी द्राक्षांची, कोवळी, जिभेवर किंचित चुरचुरणारी.' विन्यू वेर्द हे नाव पुढच्या ओळीत, तसंच ठेवते.