टर्बो ड्रॅग गाडीला ॲल्युमिनियमचा डाउनपाइप चालेल काय?

राजवाडा_टर्बो (इंदूर)

नमस्कार मंडळी. माझी स्कोडा ऑक्टेव्हिया (१.८ टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिनाची) आता केवळ ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या पाव मैलाच्या शर्यतीसाठी, राखलेली आहे. ती रस्त्यावर काढत नाही, ट्रेलरवरूनच नेतो. तिला मोठा टर्बो बसवला असून मागचा एक्झॉस्ट काढून टाकून, टर्बोपासून साधारण एक मीटर लांबीचा पाइप (डाउनपाइप) पुढच्या चाकामागून बाजूला काढायचा विचार आहे. परदेशातील काही ड्रॅग गाड्यांवर हा भाग ॲल्युमिनियमचा असतो. मात्र ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि टर्बोआधीचे वायू पूर्ण जोरावर ९०० अंशांच्या आसपास जातात, हे ठाऊक असल्याने मन धजत नाही. व्यास ७६ मिलिमीटर, धाव फार तर बारा-तेरा सेकंदांची. पाइप टिकेल काय?

पीथमपूरकर

आपण वायूचे तापमान पाहत आहात. पाहायला हवे ते धातूचे. टर्बोच्या टर्बाइनमधून (वायूने फिरणाऱ्या चाकातून) काम करून बाहेर पडताना वायू शंभर किंवा त्याहून अधिक अंशांनी थंड होतो, आणि उरलेली उष्णता पाइपच्या भिंतीत शिरायला वेळ लागतो. त्यामुळे थंड पाइप घेऊन सुरू केलेल्या एका धावेत तो वितळेल असे मला वाटत नाही. टर्बोआधीच्या मॅनिफोल्डला (इंजिनातून टर्बोत वायू नेणाऱ्या भागाला) मात्र ॲल्युमिनियमचा विचारसुद्धा करू नये.

तरीही एक हिशेब आधी मांडावा. १.६ मिलिमीटर जाडीचा स्टेनलेसचा असा पाइप मीटरला सुमारे ३ किलो भरतो. तेवढ्याच जाडीचा ॲल्युमिनियमचा १ किलोच्या आसपास भरतो, पण मजबुतीसाठी आपण ३ मिलिमीटर जाडी घेणार, म्हणजे वजन १.८५ किलोच्या घरात जाते. ॲल्युमिनियमची विशिष्ट उष्णता स्टेनलेसच्या जवळजवळ पावणेदोनपट असल्याने हा जाड पाइप आणि तो स्टेनलेसचा पाइप एका धावेत जवळपास सारखेच तापतील. फरक इतकाच, की ३०० अंशांना स्टेनलेसचे काही बिघडत नाही आणि ६०६१ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूने मात्र तोवर आपली बरीचशी ताकद गमावलेली असते. १.६ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पाइप घेतलात तर वजन खूप वाचेल, पण तो त्याहून पुष्कळ लवकर तापेल.

सांवेर रोड फॅब्रिकेशन

वरील हिशेबाशी मी सहमत आहे. जोडकामाबद्दल थोडे लिहितो. ६०६१-टी६ची ताकद उष्णतोपचारातून आलेली असते. वेल्डिंगच्या शेजारच्या पट्ट्यात ती टिग वेल्डिंगच्या उष्णतेनेच निघून जाते, म्हणजे पाइप गाडीवर चढण्यापूर्वीच तिथे मऊ झालेला असतो. पुढे प्रत्येक धावेत २०० अंशांच्या वर जी काही सेकंदे जातात, त्यांचा परिणाम धातूत साठत राहतो. पहिल्या दिवशी उत्तम दिसलेला पाइप हंगामाच्या मध्यावर बेंडपाशी तडकतो तो यामुळे. फिलर वायर (जोडात वितळवून भरायची तार) ४०४३ मिश्रधातूची घ्यावी. ५३५६ची वायर जास्त मजबूत म्हणून अनेक जण सुचवतात, परंतु ६५ अंशांच्या वर सतत राहणाऱ्या कामासाठी ती योग्य नाही, कारण ताणाखाली तिला गंजून चिरा पडू शकतात.

पाइपवर हीट रॅप (उष्णता आत कोंडणारी पट्टी) मुळीच गुंडाळू नका. स्टेनलेसला ते चालते. ॲल्युमिनियमला बाहेरच्या हवेचाच काय तो आधार असतो आणि रॅप नेमका तोच काढून घेतो. शिवाय तापलेले ॲल्युमिनियम पोलादासारखे लाल होऊन इशारा देत नाही, एकदम बसते. टर्बोच्या व्ही-बँडला (पाइप जोडणाऱ्या कड्याला) स्टेनलेसचा हातभर तुकडा आणि त्यापुढे स्प्रिंगने धरलेल्या सरकत्या जोडात ॲल्युमिनियम, अशी रचना केली तरच मी हे काम हाती घेईन. ॲल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा सुमारे ४० टक्के अधिक प्रसरण पावते, त्यामुळे दोन्ही टोके घट्ट बांधणे बरे नाही.

राजवाडा_टर्बो (इंदूर)

दोघांचेही आभार. एक गोष्ट सांगायची राहिली: सुरुवातीच्या रेषेवर मी लाँच कंट्रोलवर (सुटण्याआधी इंजिनाचा वेग धरून ठेवणाऱ्या यंत्रणेवर) बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, चढवून थांबतो. त्याने काही फरक पडतो का?

पीथमपूरकर

मोठा फरक पडतो. लाँच कंट्रोल ठिणगी उशिरा देते किंवा गाळते, त्यामुळे जळणाचा काही भाग सिलिंडरऐवजी एक्झॉस्टमध्ये जळतो, आणि तोही गाडी उभी असताना, म्हणजे पाइपवरून वारा वाहत नसताना. इंदूरच्या मे महिन्यात दोन धावांमध्ये पाइप पुरता निवतही नाही. पेट्रोलवर असे करणार असाल तर मी ॲल्युमिनियम वापरणार नाही. मिथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांचे वायू तुलनेने थंड असतात. तेव्हा आपण म्हणता त्या परदेशातील गाड्या कोणत्या इंधनावर धावतात, हे आधी पाहावे.

मुळात लाभ किती, हेही पाहा. पाव मैलाच्या धावेत ४५ किलो कमी केल्यास साधारण ०.१ सेकंद वाचतो, असा ठोकताळा आहे. इथे वाचणाऱ्या किलो-सव्वा किलोला त्यातून काय मिळणार? आणि आपली गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी आहे, तेव्हा नाकावरचे वजन काढून पकड वाढत नाही, झालीच तर घटते. मागचा सायलेन्सर आणि लांब पाइप काढलात तो मोठा आणि योग्य जागचा फायदा होता. एवढे करूनही हलकाच पाइप हवा असेल तर १.२ मिलिमीटरचा टायटॅनियम घ्या. तो मीटरला सव्वा किलोच्या आसपास, म्हणजे ३ मिलिमीटर ॲल्युमिनियमपेक्षाही हलका भरतो. महाग आहे, आणि वेल्डिंग करताना आतून आर्गॉन भरणारा कारागीर लागतो.

सांवेर रोड फॅब्रिकेशन

आर्गॉन आम्ही भरतो. ॲल्युमिनियमची हौस असेल तर इंटरकूलरचे (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाचे) पाइप त्यातून करून घ्या, तिथे ते शोभते.